लोखंडात लोखंड शिरत नाही

ता. ३, मंगळवार

आज चाकवाला दारात उभा होता. नऊ वर्षांनी. दार उघडलं तसंच लावूनही टाकणार होते, पण आतून आमच्या ह्यांनी विचारलं, "कोण आलंय गं?" आणि तो लगेच "मी आहे, भाऊजी" म्हणून मोकळा. ह्यांचं काय, कुणीही येवो, खुर्ची पुढे सरकवायची. बसवलं त्याला, पंखा लावला, वर मलाच डोळे वटारले, चहा टाक म्हणून.

या वहीत मी त्याला दादा म्हणणार नाही. सगळी दुनिया चाकवाला म्हणते, तेच बरं. चाळीस वर्षं या माणसाच्या डोक्यात एकच भूत आहे. असं चाक करायचं की ज्याला वीज नको, इंधन नको, ढकलायला माणूस नको, कडेला लावलेल्या वजनांच्या भारानेच आपलं आपण फिरत राहील. मी एकतीस वर्षं क्रेन बनवणाऱ्या कंपनीत कॉम्प्युटरवर क्रेन उलट्यापालट्या करून बघितल्या, कुठली कधी कलंडेल ते सांगितलं. असलं चाक दुसऱ्या कुणी दाखवलं तर मला हसू येतं. याचं बघितलं की हात दुखतो.

उजव्या हाताची शेवटची दोन बोटं वळत नाहीत, म्हणून तर हे अक्षर असं. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या शेडमध्ये, चौथ्या चाकाशेजारी, मी स्टॉपवॉच घेऊन उभी होते. त्याला फेऱ्यांचा वेळ हवा होता. तीन किलोचं वजन सुटलं ते थेट हातावर. मी गुडघ्यांवर बसले, रक्ताची धार, आणि मान वर करून बघते तर सख्खा भाऊ चाकाला मिठी मारून उभा. माझ्याकडे पाठ. "दादा" म्हणून किंचाळले, तरी चाक सोडीना. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते. लग्नात, ऑफिसात, दवाखान्याच्या बाकावर. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : "बहीण खाली पडलेली, आणि भाऊ चाकाच्या गळ्यात!" लोक पोट धरून हसतात. मीही हसते.

आता त्याला माझी गरज लागली. गेल्या महिन्यात शेडमध्ये शिडीवरून पडला, तीन तास तसाच पडून होता. भाचीने हट्टच धरलाय, बाबा आता माझ्याकडे राहतील, महिनाअखेर शेड रिकामी. तिथे तेरावं चाक उभं आहे. ढकललं की चार-सहा फेऱ्यांत थांबतं. त्याचं म्हणणं, बेअरिंग झिजलंय, घर्षण खातं. कॉम्प्युटरवर घर्षण शून्य करता येतं, हे त्याने कुठेतरी वाचलंय.

"तू एवढंच सांग, चिमे, की चालेल की नाही. तुझा कॉम्प्युटर हो म्हणाला तर मी शेड सोडत नाही, लेकीकडेही जात नाही. नाही म्हणाला तर तीस तारखेला भंगारवाल्याला बोलावतो आणि मुकाट गाडीत बसतो."

मी हो म्हटलं. का, ते इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मलाच सारवासारव करायला नको. "नाही" ऐकताना त्याचं तोंड कसं होतं, ते मला बघायचंय.

ता. ५, गुरुवार

चारच्या ठोक्याला हजर. हातात मोजमापांची वही, काखेत पुठ्ठ्याचं चाक. पिशवी दारामागच्या हुकाला लावायला डावा हात वर केला. उजवा खांदा चांगला चार बोटं खाली उतरलाय, हात कानाच्या वर जात नाही. ह्यांनी विचारलं, तर म्हणाला, "जुनं आहे. अवघडून झोपलो होतो एकदा." एकदा अवघडून झोपल्याने खांदा उतरतो होय! काहीतरीच.

मी सांगून टाकलं, तेरावं शेवटी. आधी नववं, मग अकरावं, मग बारावं. एकेक करून झोपवणार. तो म्हणाला, "तू म्हणशील तसं." हे तर आणखीच डोक्यात गेलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

ता. ६, शुक्रवार

नववं चाक झोपलं. तीन फेऱ्या आणि खल्लास.

मी त्याला समोर बसवून समजावलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं. चाकाच्या कडेला आठ बिजागऱ्या, प्रत्येकीला एक लोखंडी हात, हाताच्या टोकाला वजन. हात किती उघडायचा ते अडवायला एक खुंटी. उजवीकडे हात उघडून लांब जातात, म्हणून तिकडचा भार जास्त, असं या लोकांना वाटतं. पण उजवीकडे लांबची वजनं तीन असतात तेव्हा डावीकडे जवळची पाच असतात. बेरीज केली की बाकी शून्य. वर, वजन खुंटीवर आपटतं तेव्हा थोडा जोर वाया जातोच, घर्षण असो नसो. हे चाळीस वर्षं कुणी सांगितलं नाही का?

"तूच सांगितलं होतंस," तो म्हणाला. "तिसऱ्या चाकाच्या वेळी."

"मग?"

"मग चौथं केलं."

ह्यांना हसू फुटलं. मला नाही. टेबलावरचा दिवा मंद आहे, त्याला आकडे दिसत नव्हते, वही नाकाला लावून वाचत होता. उद्या दुसरा आणते. मलाच त्रास होतो त्याला बघून.

ता. ११, बुधवार

अकरावं, बारावं, दोन्ही आडवी. मी निकाल मोठ्या अक्षरांत छापून त्याच्या हातात दिले. घडी घालून वहीत ठेवले त्याने, नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

आज विचारत होता, कॉम्प्युटर बघतो कसा? मी म्हटलं, तो आपल्यासारखं सलग बघत नाही. आत्ता चाक कुठे आहे ते बघतो, मग डोळे मिटतो, एक टप्पा पुढे जातो, पुन्हा बघतो. टप्पा केवढा, ते आपण सांगायचं. बारीक सांगितला की वेळ लागतो.

"क्रेनला केवढा ठेवायचीस?"

"सेकंदाचा हजारावा भाग."

"आणि माझ्या चाकाला?"

"पन्नासावा. चहा उकळेपर्यंत निकाल लागतो. तुझ्या चाकाखाली कुणी उभं राहणार नाहीये, दादा."

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मी हात टेबलाखाली घेतला. बघायचं होतं तेव्हा बघितलं नाहीस, आता कशाला? हे मनात. तोंडाने म्हटलं, चहा घे, गार होतोय.

ता. १४, शनिवार

हे लिहू की नको?

तेरावं चालतंय.

सकाळी एकटीच बसले होते. म्हटलं, तो यायच्या आत उरकून टाकावं, आल्या आल्या "नाही" हातात ठेवावं. घर्षण शून्य, एक हलका धक्का दिला. चार फेऱ्या, दहा फेऱ्या. दर फेरीला वेळ कमी. चाळिसाव्या फेरीला तर चाक पहिल्याच्या दुप्पट वेगाने. मी बंद केलं, पुन्हा लावलं. तेच. वजनं तपासली, लांब्या तपासल्या, खुंट्या तपासल्या. सगळं त्याच्या वहीप्रमाणे.

हे होऊच शकत नाही. पण मी चुकत नाही. एकतीस वर्षांत माझ्या हातून एक क्रेन पडली नाही.

तो चारला आला. दारातच विचारलं, "काय गं?"

मी म्हटलं, "नाही."

तोंडातून गेलं ते गेलं. त्याने मान हलवली, "बरं" म्हणाला, चहाला थांबला नाही. त्याचं तोंड बघायचं होतं ना मला? मी स्क्रीनकडे बघत होते.

ता. १७, मंगळवार

भाचीचा फोन. "आत्या, तू काय सांगितलंस बाबांना? दोन दिवस नीट जेवले नाहीत. शेड झाडत बसलेत नुसते. पण येतो म्हणालेत माझ्याकडे. थँक यू हं."

थँक यू! मी फोन आपटला. मग वाटलं, तिने काय घोडं मारलंय माझं?

हे विचारतात, "जिंकलीस ना? मग भांडी का आपटतेस?" ह्यांना सगळं सांगायची सवय आहे मला, आणि हे सांगता येत नाही.

ता. १८, बुधवार

खरं तेच लिहायचं ठरलंय तर लिहिते. आज एक विचार आला. चाक चालत असेल, तर ते कुणाचं? त्याने केलं ते सहा फेऱ्यांत थांबतं. चालवलं ते मी. माझ्या टेबलावर, माझ्या नावाने. कागद करून कुठेतरी पाठवला तर? कुणाला कळणार आहे?

दहा मिनिटं मी खरोखर हा विचार करत बसले होते. मग उठून तोंड धुतलं. तीस तारखेला बारा दिवस आहेत. त्याला सांगितलं तर तो शेडमध्येच राहणार, पुन्हा शिडीवर चढणार, पुन्हा पडणार. नाही सांगितलं तर चालणारं चाक माझ्या एका शब्दाने कापलं जाणार. आणि सांगायचं म्हणजे त्याच्यापुढे नाक घासायचं. नऊ वर्षं ज्याच्यावर लोकांना हसवलं, त्याला म्हणायचं, तू बरोबर होतास. जीभ झडेल माझी.

ता. १९, गुरुवार

आज तो न सांगता आला. म्हणाला, "चिमे, मला बघायचंय. कसं थांबतं ते. कुठल्या खुंटीपाशी अडतं ते कळलं की मग कापायला काही वाटणार नाही."

बारावं लावून दाखवू शकले असते. त्याला स्क्रीनवर कळलंही नसतं. पण नवा दिवा लावून तो असा पुढे सरकून बसला, हात मांडीवर ठेवून, की माझ्याच्याने होईना. तेरावं लावलं.

चाक फिरायला लागलं. वाढत गेलं. मी पंख्याकडे बघत होते. आता उडी मारेल, आता शिव्या देईल, आता ह्यांना हाक मारेल. काही नाही.

"शनिवारपासून माहीत होतं तुला?"

"हो."

"बरं." मग म्हणाला, "परत लाव. हळू होतं का?"

हळू केलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला, नाक स्क्रीनला टेकवलं. एकेक टप्पा पुढे न्यायला लावला. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. चाळीस वर्षं या क्षणाची वाट बघितलेला माणूस, आणि लेथवर बसून धार तपासावी तसा तपासत होता.

"इथे थांब," म्हणाला. "हे बघ. वजन खुंटीत शिरलंय."

"कुठे?"

"हे काय. अर्धा इंच आत. मग पुढच्या टप्प्याला खुंटी त्याला बाहेर फेकते. जेवढ्या जोराने आलं त्याहून जास्त जोराने." त्याने चष्मा खाली घेतला. "लोखंडात लोखंड शिरत नाही, चिमे. हे खोटं फिरतंय."

माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. पन्नासावा भाग! कॉम्प्युटरने डोळे मिटले तेव्हा वजन खुंटीच्या बाहेर होतं, उघडले तेव्हा आत. प्रत्येक आपटण्याला फुकटचा एक धक्का. क्रेनला असला टप्पा ठेवला असता तर साहेबांनी त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. नववं, अकरावं, बारावं, या तिघांच्या खुंट्यांना रबर होतं, म्हणून तिथे दिसलं नाही. तेराव्याला रबर नाही.

हजारावा भाग टाकला. चहा उकळला, प्यायलो, गार झालेला कप ह्यांनी उचलून नेला, तरी चालूच होतं. घर्षणाशिवायही नऊ फेऱ्यांत आडवं. झिजलेल्या बेअरिंगचं खरं घर्षण घातलं, तर साडेचार फेऱ्या. थांबलं.

"तीस तारखेला सकाळी येतो म्हणालाय भंगारवाला," चाकवाला म्हणाला आणि डाव्या हाताने पिशवी काढली.

मी त्याला लबाडीने "नाही" सांगितलं होतं. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी तेच "नाही" शोधून काढलं. यात जिंकलं कोण, मला समजत नाही. राग मात्र त्याचाच येतोय. एक शब्द बोलला असता मला! एक शिवी दिली असती!

ता. २१, शनिवार

मीच फोन केला. सांगितलं की आमच्या ऑफिसात नियम होता. कॉम्प्युटरवरची मांडणी एकदा चुकली की तिच्यावर पुन्हा विश्वास ठेवायच्या आधी तिच्यात खरी घडलेली एक गोष्ट घालून बघायची. घडलं तसंच दिसलं तर मांडणी बरोबर. चाक कापायच्या आधी एवढं तरी करू. घडलेली गोष्ट आपल्या दोघांनाही पाठ आहे. चौथं चाक.

"ते नको," तो म्हणाला.

"का नको?"

"दुसरं कुठलंही घाल. सातव्याचे सगळे वेळ आहेत माझ्याकडे लिहिलेले."

"चौथंच घालणार."

त्याने फोन ठेवला. बघा! नऊ वर्षांनी का होईना, टोचलं तर. त्याची वही माझ्याकडेच राहिलीय, मोजमापं सगळी आहेत. घालणार म्हणजे घालणार.

ता. २२, रविवार

सकाळी मांडलं. चार सेकंदांना एक फेरी, घड्याळात एक वाजतो त्या जागी वजन सुटलं. क्रेनच्या कामात आम्ही माणसाच्या मापाचा पुतळा ठेवायचो, कुठे धक्का लागतो ते बघायला. तसा एक पुतळा मी चाकाच्या उजव्या बाजूला गुडघ्यांवर बसवला. तो पुतळा म्हणजे मी.

वजन सुटतं. माझ्या हातावर येतं. इथपर्यंत बरोबर. मग एक बाजू हलकी झाल्यामुळे चाक रेंगाळतं, थांबतं आणि उलटं फिरायला लागतं. उलटं फिरताना खालचे लोखंडी हात बाहेर झुलतात, कडेच्या फूटभर पुढे. वजन सुटल्यापासून सव्वादोन सेकंदांनी त्यातला एक पुतळ्याच्या डोक्यावर.

सात वेळा लावलं. सातही वेळा डोक्यावर. मी वैतागले. असं झालंच नव्हतं! झालं असतं तर मी ही वही लिहायला उरले नसते. म्हणजे मांडणी अजून चुकलेली आहे. टप्पा आणखी बारीक केला. तेच.

हे मागे येऊन उभे होते, कधीपासून कोण जाणे.

"यात दादा कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

"तो कशाला? त्याचा काय संबंध?"

"होते ना तिथे. चाकाला मिठी मारून. तूच सांगतेस."

मी दुसरा पुतळा घेतला. आठवून आठवून ठेवला. मी जमिनीवरून त्याची पाठ बघितली होती, म्हणजे तो माझ्या आणि चाकाच्या मधे. छाती चाकाला. लावलं.

चाक उलटं आलं. झुलता हात त्या पुतळ्याच्या उजव्या खांद्यावर बसला आणि चाक तिथेच थांबलं.

ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मी म्हटलं, हात काढा. मग म्हटलं, नको, राहू दे.

ता. २४, मंगळवार

शेडमध्ये गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. दादा नट-बोल्टचे पाने पुसून डब्यात भरत होता. मी दारातूनच ओरडायला सुरुवात केली. काय काय बोलले ते आठवतही नाही. गाढव म्हणाले, मूर्ख म्हणाले, आई असती तर तिने तुला उभा-आडवा झोडला असता म्हणाले. खांद्याचं हाड मोडलं होतं का? हो. कुणाला दाखवलंस? एका डॉक्टरला, पंधरा दिवसांनी. आणि लेकीला काय सांगितलंस? जिन्यावरून पडलो.

"आणि मला? मला का नाही सांगितलंस? नऊ वर्षं मिठाची गुळणी धरून बसलास!"

तो पाना पुसतच राहिला. "काय सांगायचं? तू म्हणत होतीस ते खोटं थोडंच होतं? मिठी मारलीच होती मी."

"दादा!"

"वजन सुटलं ते माझ्यामुळे, चिमे. पिन संपल्या होत्या. दुकान बंद होतं. मी खिळा वाकवून घातला, म्हटलं, दोन फेऱ्यांचं तर काम. तुझी बोटं त्या खिळ्याने गेली. मग मागाहून मी काय केलं ते सांगत फिरायचं? कुठल्या तोंडाने?"

मी खाली स्टुलावर बसले. रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता.

"मी लोकांना काय सांगते, ते माहीत आहे तुला?"

"माहीत आहे. लेकीच्या लग्नात तू सांगत होतीस तेव्हा मी मागेच उभा होतो, पंगतीत वाढायला. चांगलं सांगतेस. मलाही हसू आलं होतं."

मला तेव्हाचं आठवलं. सगळ्यांत मोठ्याने मी हसले होते.

निघताना त्याने विचारलं, "किती वेळ होता म्हणालीस मधे?"

"सव्वादोन सेकंद."

"एवढाच?" त्याला खरंच नवल वाटलं. "मला बराच वेळ मिळाल्यासारखं वाटलं होतं."

ता. ३०, सोमवार

भंगारवाला नऊला आला, लोखंड कापायची गॅसची टाकी आणि नळ्या घेऊन. मी आधीच पोचले होते. भाची खोकी बांधत होती. हे तिला दोरी धरून देत होते आणि उगाच विनोद करत होते. भाचीला मी परवाच सगळं सांगितलं, नवा शेवट लावून.

तेरावं चाक मी पहिल्यांदाच जवळून बघितलं. सुंदर आहे. हे म्हणायला मला काय होतं? आठही बिजागऱ्या हाताने कानस मारून बसवलेल्या, वजनं आरशासारखी घासलेली. दादाने एकदाच ढकललं. साडेचार फेऱ्या. कॉम्प्युटरने सांगितल्या तेवढ्याच, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. थांबलं तेव्हा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "बरोबर आहे तुझी मांडणी." कौतुकाने म्हणाला. आपल्या चाळीस वर्षांवर फुली मारणाऱ्या आकड्याचं कौतुक! असला माणूस.

मग तो कडेला गेला, जमिनीवर बसला आणि पसरलेले खिळे-पिना वेचून डब्यात टाकायला लागला. एकसुद्धा तिथे राहिलेली त्याला चालत नव्हती. भंगारवाल्याला घाई. त्याने पाना घेतला आणि वरच्या एका वजनाची पिन काढायला घेतली.

मी बघितलं. वर, उजवीकडे, घड्याळात एक वाजतो ती जागा. आणि दादा खाली, उजव्या बाजूला, गुडघ्यांवर, डोकं चाकाकडे.

"अरे, थांब! एक काढलंस की ते उलटं येतं!"

माझं वय बासष्ट, गुडघे कुरकुरतात, भाजी आणायला जाताना दोनदा बसते. कशी पोचले ठाऊक नाही. मधे शिरले आणि दोन्ही हातांनी चाक धरलं, छाती लावून, दोन बोटं वळत नाहीत तरी धरलं. भंगारवाला पाना हातात घेऊन तसाच उभा. पिन अर्धीच निघाली होती. वजन जागेवर होतं. चाक बोटभरही हललं नाही.

मला माझाच श्वास ऐकू येत होता. लोखंड गार होतं. पाठीमागे दादा हळूहळू मान वर करतोय, हे न बघता कळत होतं.

"चिमे," तो खालून म्हणाला. "भाऊ खाली पडलेला, आणि बहीण चाकाच्या गळ्यात."

भाची हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. हे दोरी धरून तसेच उभे. मला ना हसता येत होतं ना चाक सोडवत होतं.

"जास्त शहाणपणा करू नकोस," मी म्हटलं. "आधी ऊठ तिथून."